संधिवात आणि निसटती संधी

आमवातात सांधा नेमके कोण पोखरते, हे वैद्यकशास्त्राला तीन दशकांपूर्वीच उमगले. त्यावर गुणकारी औषधे निघाली आणि त्यांतील काही भारतात तुलनेने स्वस्तातही मिळू लागली. तरीही बोटे वाकडी होण्याचे आणि मनगटे जखडण्याचे थांबलेले नाही. औषध आणि रुग्ण यांच्यातील अंतर केवळ पैशांचे नाही. ते वेळेचेही आहे.

एप्रिल-मे २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना राज्यातील असंख्य कुटुंबांनी ‘टोसिलिझुमॅब’ या जिभेला न पेलणाऱ्या नावाच्या इंजेक्शनसाठी औषध दुकानांचे उंबरठे झिजवले. मोठ्या कुपीची किंमत चाळीस हजार रुपयांच्या घरात होती आणि तेवढे पैसे मोजूनही ती मिळेल, याची शाश्वती नव्हती. काळाबाजार झाला, केंद्राला राज्यांचा वाटा ठरवून द्यावा लागला. ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा एरवी वैद्यकीय नियतकालिकांपुरता मर्यादित असलेला शब्दप्रयोगही त्याच काळात घरोघरी पोहोचला.

हे औषध मुळात करोनासाठी घडवलेलेच नव्हते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ते आमवाताच्या, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांचे औषध. २००८ मध्ये जपानने आणि २०१० मध्ये अमेरिकेने त्याला या आजारासाठी मान्यता दिली होती. मार्च २०२० मध्ये ज्याच्या निर्यातीवर भारताने निर्बंध घातले, ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही आमवाताच्या रुग्णांच्या रोजच्या डबीतले. मे २०२१ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळालेले बॅरिसिटिनिबही त्यांचेच. किंबहुना, करोनाच्या गंभीर रुग्णांचे प्राण वाचवणारे डेक्सामेथासोन ज्या स्टिरॉइड कुळातील आहे, त्याचा वैद्यकातील प्रवासही १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये एका आमवातग्रस्त स्त्रीवरील प्रयोगाने सुरू झाला. त्या कामासाठी फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

थोडक्यात, करोनाच्या संकटात वैद्यकाने आमवाताकडून भरपूर उसनवारी केली. यांतील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन करोनावर निष्प्रभ ठरले, इतर तीन उपयोगी पडली. साथ ओसरली आणि ही औषधे पुन्हा आपल्या मूळ जागी गेली. पण साथीच्या काळात औषध वेळेत पोहोचावे म्हणून जी धडपड झाली, ती आमवाताच्या वाट्याला कधीच आली नाही. हा आजार जीव एकदम घेत नाही. तो सांधे घेतो, आणि तेही हळूहळू. म्हणूनच त्यातील घाईची निकड कोणाला जाणवत नाही.

स्वकीयांवरच हल्ला

सायटोकाइन ही शरीरातील पेशींनी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडलेली सूक्ष्म प्रथिने होत. जंतुसंसर्ग झाला की रोगप्रतिकारक यंत्रणेतील पेशी ही प्रथिने सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, आणखी पेशी घटनास्थळी धावतात, ताप येतो, सूज येते. यालाच दाह म्हणतात. काम फत्ते झाले की निरोप थांबतात आणि दाह ओसरतो. निरोगी शरीरात ही व्यवस्था शिस्तीत चालते.

आमवातात ही शिस्त बिघडते. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच प्रथिनांना परके समजू लागते. या गैरसमजाची खूण असलेली काही प्रतिपिंडे तर सांधा दुखू लागण्यापूर्वी काही वर्षे रक्तात सापडतात. आनुवंशिकता हे त्याचे एक कारण, धूम्रपान हे दुसरे. प्रत्येक रुग्णात ठिणगी नेमकी कुठे पडते, हे अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. आग कशी पसरते, हे मात्र आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

सांध्याच्या आतील बाजूस एक नाजूक अस्तर असते. निरोगी अवस्थेत ते जेमतेम एक-दोन पेशींच्या थराचे असते आणि सांध्याला वंगण पुरवते. आमवातात तेथे रोगप्रतिकारक पेशींची गर्दी होते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि अस्तर जाड होत जाते. तेथील पेशी ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ अर्थात टीएनएफ, ‘इंटरल्यूकिन-१’ आणि ‘इंटरल्यूकिन-६’ ही सायटोकाइन अखंड सोडू लागतात. एकाने दुसऱ्याला चेतवावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे हे चक्र आहे. बाहेरून दिसते ती केवळ बोटांच्या पेरांवरची सूज.

हाड पोखरणारे हात

सांध्याचे नुकसान दोन आघाड्यांवर होते. पहिली आघाडी कूर्चेची. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते, त्यामुळे हाडे एकमेकांवर घासत नाहीत. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ यांच्या चिथावणीने अस्तरातील पेशी कूर्चा विरघळवणारी विकरे सोडतात. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने ती एकदा झिजली की पुन्हा पूर्ववत भरून येत नाही.

दुसरी आघाडी हाडाची. शरीरात जुने हाड खाणाऱ्या आणि नवे हाड बांधणाऱ्या पेशींचे काम आयुष्यभर सुरू असते. जुने घर पाडणारे आणि नवे बांधणारे गवंडी एकाच वाड्यात कामाला असावेत, तसे. दाह पेटला की सायटोकाइन ‘रँकएल’ नावाच्या प्रथिनाचे उत्पादन वाढवतात आणि हे प्रथिन हाड खाणाऱ्या पेशींची फौज उभी करते. त्याच वेळी हाड बांधणाऱ्या पेशींचे काम दबले जाते. पाडकाम जोरात आणि बांधकाम ठप्प, अशी स्थिती होते. क्ष-किरण चित्रात हाडाच्या कडेला कुरतडल्यासारखे जे खड्डे दिसतात, ते याचेच फलित.

इंटरल्यूकिन-६ चा प्रताप तर सांध्यापुरता मर्यादित राहत नाही. ते यकृताला संदेश देते आणि रक्तात ‘सीआरपी’चे प्रमाण वाढते. ते लोह शरीरातच अडकवून ठेवते, त्यामुळे आहार चांगला असूनही रक्तक्षय होतो. दीर्घकाळ राहिलेल्या दाहामुळे हृदयविकाराचा धोकाही वाढतो. आमवाताची रुग्ण सतत थकलेली का असते आणि केवळ लोहाच्या गोळ्यांनी तिचे हिमोग्लोबिन का वाढत नाही, याचे उत्तर येथे आहे. ‘रुग्ण’ हा शब्द येथे स्त्रीलिंगी वापरण्यास कारण आहे. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पटींनी अधिक आढळतो आणि बहुधा ऐन कर्तेपणाच्या वयात गाठतो.

लंडनमधील धाडस

१९८० च्या दशकात सायटोकाइनची यादी वाढत गेली, तसतशी संशोधकांची निराशाही वाढली. सांध्यात एवढी सारी प्रथिने एकाच वेळी धुमाकूळ घालत असतील, तर एकाला अडवून काय साधणार, असा रास्त प्रश्न विचारला जात होता. एकाचे काम दुसरे करील, हेच तेव्हा बहुतेकांचे मत होते.

लंडनमधील केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी हे मत तपासून पाहायचे ठरवले. मैनी यांचा जन्म लुधियानाचा, बालपण युगांडात गेले आणि शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. रुग्णांच्या सांध्यांतून काढलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्या गटाने केवळ टीएनएफला रोखले, तेव्हा इंटरल्यूकिन-१ चे उत्पादनही घटले. फिओनुला ब्रेनन यांच्यासह केलेले हे काम १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रथिनांची ही गर्दी बेशिस्त नसून तिच्यात उतरंड आहे आणि तिच्या माथ्याजवळ टीएनएफ आहे, असा त्याचा अर्थ होता. १९९१ मध्ये ग्रीक संशोधक जॉर्ज कोलियास यांच्या गटाने टीएनएफ अतिरेकाने निर्माण करणारे उंदीर तयार केले आणि त्या उंदरांना आपोआप संधिवात झाला. दुवा पक्का झाला.

१९९२ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात टीएनएफला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड वीस रुग्णांना देण्यात आले. इतर औषधांनी हात टेकलेले हे रुग्ण होते. त्यांचा थकवा, वेदना आणि सूज यांत झपाट्याने उतार पडला. औषधाचा अंमल संपताच आजार परतला आणि पुन्हा औषध देताच पुन्हा मागे हटला. १९९४ मध्ये ७३ रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीनेही त्यावर शिक्कामोर्तब केले. हेच औषध पुढे इन्फ्लिक्सिमॅब म्हणून बाजारात आले. १९९८ मध्ये इटॅनरसेप्टला आणि २००२ च्या अखेरीस अ‍ॅडॅलिमुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली. फेल्डमन आणि मैनी यांना २००३ मध्ये लास्कर पुरस्कार देण्यात आला. दुसरीकडे ओसाका येथे तादामित्सु किशिमोतो यांनी इंटरल्यूकिन-६ वर दीर्घकाळ केलेल्या कामातून टोसिलिझुमॅब जन्माला आले.

वेदना थांबणे म्हणजे सांधा वाचणे नव्हे

या औषधांनी एक वेगळीच गोष्ट उघड केली आणि सामान्य रुग्णासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२८ रुग्णांच्या ‘अट्रॅक्ट’ चाचणीत केवळ मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या क्ष-किरण चित्रांत हाडांची झीज वर्षभरात वाढत गेली. त्याच्या जोडीला इन्फ्लिक्सिमॅब मिळालेल्यांत ती सरासरीने थांबली. पुढील विश्लेषणात असे दिसले की, ज्यांच्या वेदनेत या जोड-उपचाराने फारसा फरक पडला नव्हता, त्यांच्याही हाडांचे बऱ्याच अंशी रक्षण झाले होते.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. वेदनाशामक गोळी दुखणे कमी करते, पण हाड खाणाऱ्या पेशींचे काम तिने थांबत नाही. रुग्णाला वाटते, बरे वाटू लागले. सांध्याच्या आत मात्र पाडकाम सुरूच असते. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामकांवर वर्ष-दीड वर्ष काढलेल्या रुग्णाच्या पोटाची आणि मूत्रपिंडांची हानी होते, ती वेगळीच. आमवातातील हाडांची झीज बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच क्ष-किरणांवर दिसू लागते. लक्षणे सुरू झाल्यापासूनचे पहिले तीन ते सहा महिने तज्ज्ञ म्हणूनच संधीचा काळ मानतात. या काळात नेमके औषध सुरू झाले, तर आजार आटोक्यात येण्याची आणि सांधे शाबूत राहण्याची शक्यता सर्वाधिक असते. पडलेले खड्डे मात्र नंतर सहसा बुजत नाहीत.

दुधारी शस्त्र

टीएनएफ हा केवळ खलनायक नाही. क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की रोगप्रतिकारक पेशी त्याच्याभोवती तटबंदी उभारतात आणि त्याला वर्षानुवर्षे कोंडून ठेवतात. ही तटबंदी राखण्याचे काम टीएनएफ करतो. त्याला रोखले की तट ढासळतो आणि सुप्त जंतू जागा होतो. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्यांत क्षयाचे ७० रुग्ण आढळल्याची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर धोक्याची घंटा वाजली. त्यांतील ४० जणांना फुप्फुसाबाहेरचा क्षय झाला होता.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव हिस्सा एकट्या भारतात आहे. साहजिकच येथे हा इशारा अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. छातीचे क्ष-किरण चित्र, त्वचेवरील किंवा रक्ताची सुप्त क्षयाची चाचणी आणि गरज पडल्यास आधी क्षयप्रतिबंधक औषधे, हा क्रम टाळून अशी इंजेक्शने देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात लोटणे होय. पेशींच्या आत जाऊन सायटोकाइनचे निरोप अडवणाऱ्या टोफासिटिनिबसारख्या गोळ्या इंजेक्शनपेक्षा सोयीच्या वाटतात. पण हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग यांच्या वाढीव जोखमीमुळे सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्यांच्याबाबतचा इशारा कडक केला. वयस्कर, धूम्रपान करणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णांसाठी तो विशेष महत्त्वाचा आहे.

किंमत घटली, तरी

अ‍ॅडॅलिमुमॅब हे मूळ कंपनीचे औषध एकेकाळी जगातील सर्वाधिक खपाचे होते. २०२२ मध्ये त्याची उलाढाल सुमारे २१ अब्ज डॉलरची झाली. अमेरिकेत मुख्य पेटंट २०१६ मध्ये संपूनही इतर पेटंटांच्या कुंपणामुळे पर्यायी औषधे २०२३ मध्ये बाजारात येऊ शकली. भारतात मात्र अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्येच त्याची जैवसदृश आवृत्ती आणली. अमेरिकेतील किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात मिळणारी ही जगातील पहिली आवृत्ती होती. त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये सिप्लाने इटॅनरसेप्टचा पर्याय दिला होता. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अ‍ॅडॅलिमुमॅबचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

ही प्रगती कौतुकास्पद आहे यात शंका नाही. तथापि, ‘स्वस्त’ हा शब्द सापेक्ष असतो. दर पंधरवड्याला घ्यावे लागणारे आणि बहुधा वर्षानुवर्षे चालणारे इंजेक्शन पाचव्या हिश्श्यातही मध्यमवर्गीय कुटुंबाचे गणित बिघडवते. परिणामी दोन-चार मात्रा घ्यायच्या, बरे वाटले की थांबायचे, पुन्हा सूज आली की पैसे जमवायचे, अशी ओढाताण अनेक घरांत चालते. चेरिंग क्रॉसच्या पहिल्या वीस रुग्णांनी दाखवलेलेच सत्य ही घरे स्वखर्चाने पुन्हा अनुभवतात. औषध थांबले की आजार परततो.

जुन्या गोळीची ताकद

सुदैवाने, सर्वांनाच या महागड्या इंजेक्शनांची गरज नसते. उपचारांचा कणा आजही मेथोट्रेक्सेट हाच आहे. ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधनाचे नेतृत्व करीत होते, तेथेच १९४० च्या दशकात या कुळातील औषधे तयार झाली. आधी ती कर्करोगासाठी वापरली गेली. १९८८ मध्ये अमेरिकेने आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला रीतसर मान्यता दिली. कर्करोगासाठी देतात त्यापेक्षा कितीतरी कमी मात्रेत ते दाहाचा जोर कमी करते. त्याची गोळी आजही काही रुपयांत मिळते.

अशा जुन्या औषधांनी किती साधता येते, याचे उत्तर ग्लासगो येथील ११० रुग्णांच्या अभ्यासाने २००४ मध्ये दिले. एका गटाला नेहमीसारखे उपचार मिळाले. दुसऱ्या गटातील रुग्णांना दर महिन्याला बोलावण्यात आले, सुजलेले सांधे मोजण्यात आले आणि अपेक्षित सुधारणा नसेल तर मात्रा वाढवण्यात वा औषध बदलण्यात आले. कोणालाही जैविक इंजेक्शन दिले नव्हते. दीड वर्षानंतर नेहमीच्या गटात १६ टक्के रुग्णांचा आजार जवळपास शांत झाला होता. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६५ टक्के होते. औषधे बहुतांशी तीच होती. फरक होता तो मोजमापाचा आणि पाठपुराव्याचा.

२०१३ मध्ये अमेरिका व कॅनडातील ३५३ रुग्णांच्या चाचणीनेही याच दिशेने कौल दिला. केवळ मेथोट्रेक्सेटने भागत नसलेल्या रुग्णांना सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांची जोड दिली, तर परिणाम इटॅनरसेप्टच्या तोडीचा मिळाला. ज्यांना त्याने गुण आला नाही, त्यांना नंतर इंजेक्शनकडे वळवता आले. इंजेक्शन निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ते कोणाला आणि केव्हा द्यायचे, हे मोजून ठरवता येते, इतकाच अर्थ आहे. मर्यादित पैसा असलेल्या देशासाठी यापेक्षा मोलाचा निष्कर्ष दुसरा नाही.

मात्र मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोजची गोळी समजून घेतल्यास ते जिवावर बेतू शकते आणि अशा चुका घडतात. फॉलिक अ‍ॅसिडची जोड, ठरावीक काळाने रक्ताची व यकृताची तपासणी आणि गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांशी आधीच सल्लामसलत, ही पथ्ये अटळ आहेत. गर्भारपणात हे औषध चालत नाही.

भिगवणचा धडा

महाराष्ट्रात या आजाराचा आवाका किती, याचा अंदाज एका गावाने दिला आहे. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजनी जलाशयाकाठच्या भिगवण येथे घरोघरी जाऊन सर्वेक्षण केले. सुमारे १८ टक्के प्रौढांनी स्नायू वा सांध्यांच्या दुखण्याची तक्रार सांगितली. त्यांत वयोमानाने होणारी सांध्यांची झीज अधिक होती. आमवाताचे प्रमाण अर्धा टक्का निघाले. अर्धा टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण २०११ च्या जनगणनेनुसार सव्वाअकरा कोटींच्या या राज्यातील प्रौढांना हे प्रमाण लावले, तर ढोबळ हिशेबाने रुग्णांची संख्या तीन लाखांच्या वर जाते.

हे रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचण्याआधी मोठा फेरा घेतात. सकाळी उठल्यावर बोटे आखडतात, मूठ वळत नाही, कुकरचे झाकण लागत नाही, पोळी लाटताना मनगट ठणकते. तासाभराने हात मोकळे होतात आणि तक्रार मागे पडते. ‘थंडीने झाले असेल’, ‘वय झाले’, ‘कामाची सवय मोडली’ ही घरगुती निदाने आधी होतात. मग युरिक अ‍ॅसिडची तपासणी होते. ते थोडे वाढलेले निघाले की डाळी आणि टोमॅटो बंद होतात. कधी ‘आरए फॅक्टर’ नकारात्मक येतो आणि आमवात नाहीच, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः आमवाताच्या कित्येक रुग्णांत ही चाचणी नकारात्मक असते. मग कोणीतरी सुचवलेली लेबल नसलेली पुडी सुरू होते. तिने चमत्कार वाटावा इतका आराम पडतो, कारण अनेकदा तिच्यात स्टिरॉइड मिसळलेले असते. काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि आमवात आहे तिथेच असतो.

या फेऱ्यात संधीचा काळ निघून जातो. संधिवाततज्ज्ञांची संख्या मुळात कमी आणि तीही मोठ्या शहरांत एकवटलेली. म्हणजे पहिली पारख कौटुंबिक डॉक्टरांनाच करावी लागते. ती अवघडही नाही. सहा आठवड्यांहून अधिक टिकलेली सूज, तासभर वा अधिक काळ राहणारे सकाळचे आखडलेपण, दोन्ही हातांच्या लहान सांध्यांतील दुखणे आणि हस्तांदोलन करताना बोटांच्या मुळाशी उठणारी कळ, एवढ्या खुणा संशय घेण्यास पुरेशा आहेत.

चिकुनगुन्याने यात आणखी गोंधळ घातला आहे. २००६ च्या साथीत देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली आणि महाराष्ट्रालाही तिची झळ बसली. ताप गेल्यावरही महिनोन् महिने सांधे धरलेले राहिले, असा अनुभव हजारोंना आला. अशा रेंगाळणाऱ्या दुखण्यातही इंटरल्यूकिन-६ वाढलेले आढळते. बहुतेकांचे दुखणे कालांतराने शमते. पण प्रत्येक सांधेदुखी ‘चिकुनगुन्याचीच’ ठरवण्याची सवय लागली, तर त्याआड खरा आमवात लपून बसतो.

खर्च शेवटी, सुरुवातीला नाही

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघारोपणाच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सांध्याची किंमत कर वगळून ५४ हजार ७२० रुपयांवर आली. हा निर्णय स्वागतार्ह होता. गुडघारोपण करून घेणारे बहुसंख्य रुग्ण वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यांचे असतात, हेही खरे. पण आमवाताने उद्‌ध्वस्त केलेले गुडघेही याच रांगेत असतात. शासनाच्या आरोग्य योजनांचा साचा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याभोवती बेतलेला आहे. सांधा पूर्ण निकामी झाला की शस्त्रक्रियेसाठी आधार मिळू शकतो. तो निकामी होऊ नये म्हणून महिन्याकाठी लागणारी तपासणी, रक्तचाचण्या आणि गोळ्या मात्र बाह्यरुग्ण विभागात मोडतात आणि त्यांचा भार मुख्यतः रुग्णाच्याच खिशावर पडतो. खासगी विम्याचेही बहुतांशी हेच आहे. शिवाय बोटांच्या पेरांना गुडघ्यासारखा हुकमी पर्यायच नाही.

करोनाच्या वेळी बॅरिसिटिनिबसाठी मूळ कंपनीने मे २०२१ मध्ये अनेक भारतीय कंपन्यांना स्वामित्वशुल्काविना उत्पादनाचे परवाने दिले. म्हणजे निकड भासली की मार्ग निघतात. आमवातासाठी तर इतक्या मोठ्या उलाढालीचीही आवश्यकता नाही. मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जिल्हा रुग्णालयांत अखंड उपलब्ध असणे, आठवड्यातून एक दिवस संधिवाताची बाह्यरुग्ण तपासणी चालणे, तेथे सुजलेले सांधे मोजून कागदावर नोंदले जाणे आणि कौटुंबिक डॉक्टरांना आमवाताच्या खुणांची उजळणी मिळणे, एवढ्याने बराच पल्ला गाठता येईल. ज्या थोड्यांचा आजार तरीही आटोक्यात येणार नाही, त्यांच्यासाठी जैविक औषधांची सामूहिक खरेदी करणेही मग आवाक्यात येते.

विज्ञान आता आणखी एक पाऊल पुढे टाकू पाहत आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील दोन चाचण्यांत आमवात होण्याचा धोका असलेल्या, पण अद्याप सांधे न सुजलेल्या व्यक्तींना अ‍ॅबॅटासेप्ट हे औषध देण्यात आले आणि आजाराची सुरुवात लांबणीवर पडल्याचे दिसले. तेथे ठिणगीच पडू नये यासाठी प्रयत्न चालले आहेत आणि येथे पेटलेली आग वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही. हे अंतर मिटवण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही. सुजलेल्या पेरांकडे तिसऱ्या वर्षाऐवजी तिसऱ्या महिन्यात पाहिले गेले, तरी कित्येक हात कामाचे राहतील.